हजाराला सातशे

पहाटे ४.२०

तहसील कार्यालयाच्या आवारात जीप उभी आहे. इंजिन चालू, दिवे बंद. नायब तहसीलदार मॅडम पुढच्या सीटवर बसल्यात. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत कोरे कागद, कार्बन, शाईचं पॅड, स्टेपलर आणि बिस्किटांचे पाच रुपयेवाले वीस पुडे. "पॅड राहिलं तर सगळं काम अडतं," त्या म्हणतात.

मागे मंडळ अधिकारी, तलाठी, कोतवाल आणि मी दाटीने बसलोय. दुसऱ्या गाडीत एक हवालदार, दोन महिला पोलीस आणि सरकारी कामगार अधिकारी. त्यामागे भाड्याचा टेम्पो. दिवसभराचे साडेतीन हजार, डिझेलसकट. हे पैसे कुठल्या लेखाशीर्षातून द्यायचे ते अजून ठरलेलं नाही. तोवर ते मॅडमनी स्वतःच्या पर्समधून दिलेत.

ठाणे जिल्ह्यातला हा तालुका. गावाचं आणि माणसांचं नाव इथे लिहीत नाही. प्रकरण चालू आहे. आणि ज्यांच्याबद्दल ते आहे, त्यांना पुढच्या दिवाळीनंतर याच पट्ट्यात काम शोधावं लागणार आहे.

पहाटे ४.५०

खबर आठवडे बाजारातून आली. वीटभट्टीवरचा एक माणूस बाजाराला आला होता. त्याने संघटनेच्या कार्यकर्त्याला गाठलं. म्हणाला, आम्ही सात घरं आहोत, मोखाड्याकडची, आम्हाला जाऊ देत नाहीत. कार्यकर्त्याने लेखी अर्ज दिला. प्रांतांनी चौकशीचे आदेश काढले आणि पथक ठरलं. जुन्या, अखंड ठाणे जिल्ह्यात ही वाट नवी नाही. श्रमजीवी संघटनेचं वेठबिगार मुक्तीचं काम इथे १९८२ पासून चालू आहे.

जीपमध्ये मी तलाठी भाऊसाहेबांना विचारतो, सजात भट्ट्या किती?

"अकरा."

गट नंबर त्यांना तोंडपाठ आहेत. जमीन कुणाची, भट्टी कुणाची, किती ब्रास मातीची परवानगी, रॉयल्टीचं चलन कधी भरलं, कुणाचं थकलं. माती हे गौण खनिज आहे. त्याचा महसूल शासनाला जातो म्हणून एकेक ब्रास रजिस्टरला चढतो.

"आणि मजूर किती?"

भाऊसाहेब थोडा वेळ बोलत नाहीत. मग म्हणतात, "त्याचा रकाना नाही ना, सर."

माणूस सज्जन आहे. रकाना त्यांनी आखलेला नाही. पण मला वाटतं, आजच्या दिवसात यापेक्षा महत्त्वाचं वाक्य मी ऐकणार नाही.

पहाटे ५.३५

भट्टी रस्त्यापासून आत आहे. गाड्या अलीकडेच थांबवल्या. फेब्रुवारीची थंडी, पायाखाली राख. दोन हॅलोजन जळतायत. खळ्यावर काम चालू आहे, रात्री एकपासून.

गारा आदल्या संध्याकाळी तयार करून ठेवतात. माती, पाणी, त्यात भाताचा तूस. पायाने तुडवून, फावड्याने ओढून कणकेसारखा मळलेला. बाई पाटीने तो गारा नवऱ्यासमोर आणून टाकते. नवरा उकिडवा बसून गोळा उचलतो, साच्यात आपटतो, हाताने सारवून वरचा गारा काढतो. मग साचा उचलून दोन पावलं चालतो, वाकतो आणि पालथा घालतो. दोन विटा सुटतात. साचा राखेत बुडवतो, पुन्हा बसतो. दोन विटांचा ओला साचा सहा-सात किलोला जातो. हजार विटांसाठी पाचशे वेळा उठायचं आणि पाचशे वेळा वाकायचं.

रात्रीच थापायच्या, म्हणजे दिवसभराचं ऊन मिळतं. काल थापलेल्या विटा एक मुलगा उभ्या करत चाललाय, दुसरी बाजू सुकावी म्हणून. वय दहाच्या आसपास. अंगात मोठ्या माणसाचा शर्ट. गाड्यांकडे तो बघतो, पण हात थांबत नाहीत.

पहाटे ५.५०

आरडाओरडा नाही. हे आधीच ठरलं होतं. हवालदार मुकादमाजवळ उभा राहिला. एक महिला पोलीस पत्र्याच्या ऑफिससमोर. कारण वही तिथे असते आणि पहिल्या पाच मिनिटांत वही गेली की ती कायमची गेली.

मॅडम खळ्यावर जातात. पहिल्या बाईसमोर खाली बसतात. "मावशी, हात धुऊन घ्या. आज काम नाही. आम्ही तहसीलमधून आलोय, तुमच्याशी बोलायला."

बाई नवऱ्याकडे बघते. नवरा मुकादमाकडे बघतो. मुकादम खाली बघतो.

"किती माणसं आहेत?" मॅडम त्याला विचारतात.

"सात जोड्या."

"जोड्या नाही विचारल्या. माणसं किती?"

मुकादमाला सांगता येत नाही. कोतवाल झोपडीझोपडीतून फिरतो. झोपड्या म्हणजे कच्च्या विटांची सुकी रचाई आणि वर प्लास्टिक. आत ताठ उभं राहता येत नाही. दोन पोरं गोधडीत झोपलेली सापडतात, एक अंगावर पिणारं. मोठी चौदा, लहान नऊ. एकूण तेवीस. कागदावर पहिल्यांदा हा आकडा पडतो.

सकाळी ६.४०

पंचनामा. दोन पंच शेजारच्या गावचे. साचे चौदा, फावडी, पाट्या, पाण्याचा पंप, रचलेल्या विटांच्या रांगा. भाऊसाहेब रांगा मोजतात, लांबी गुणिले उंची. ऑफिसातली लाल वही जप्त. एक पत्र्याचा डबा, त्यात पाच आधार कार्डं.

"सांभाळायला ठेवली होती," मुकादम म्हणतो.

पाचही कार्डं पुरुषांची आहेत.

सकाळी ८.१०

जबाब भट्टीवर घ्यायचे नाहीत. मालकाच्या जागेत माणूस मालकाच्या कानाने बोलतो. टेम्पोने सगळ्यांना तीन किलोमीटरवरच्या समाजमंदिरात आणलंय. चहा आणि बिस्किटं आधी, प्रश्न नंतर. नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या. बाईचा जबाब बाईच घेणार.

मॅडम "तुम्ही वेठबिगार आहात का" असं कधीच विचारत नाहीत. त्या विचारतात: पाड्यावर कोण आलं होतं? पैसे कुणाच्या हातात दिले? रोख किती? टेम्पो दिवसा आला की रात्री? आठवड्याला खर्ची किती? आजारी पडलात तर? दुसरीकडे जास्त पैसे मिळाले तर जाता येतं?

आणि एक प्रश्न सगळ्यांना, त्याच शब्दांत: "नवरा-बायको दोघं एकाच दिवशी बाजाराला जाऊ शकता का?"

सगळ्यांचं उत्तर एकच येतं. नाही. एकाने भट्टीवर राहायचं. पोरं तर राहायचीच.

या एका उत्तराचं वजन मॅडमना ठाऊक आहे. भिंत नाही, कुलूप नाही, साखळी नाही. दोघांतलं एक माणूस तारण ठेवलं की बाकी काही लागत नाही.

सकाळी ९.३०

तिशीतली एक बाई बोलते. आवाज बारीक, पण अडखळत नाही.

दिराच्या लग्नाला वीस हजार उचल घेतली. तिसरा हंगाम चालू आहे. आधी दुसऱ्या शेठकडे होतो. तिथे फिटलं नाही. या दिवाळीनंतर मुकादम आला. या शेठनं त्या शेठला अडतीस हजार दिले, आन आमाला हिकडं आणलं.

"तुम्हाला विचारलं होतं?"

"आमाला काय इचारायचं, बाय? टेम्पोत बसा म्हनले."

मॅडम लिहायचं थांबवतात. वाक्य पुन्हा वाचून दाखवतात, तिच्याच शब्दांत. बरोबर आहे का? बाई मान हलवते. मग खाली अंगठा.

अंगठा उमटत नाही. पॅडवर दाबला, कागदावर दाबला, नुसता काळा डाग येतो. रेघा नाहीत. तिसऱ्यांदा मॅडम स्वतः तिचं बोट धरून अलगद फिरवतात. राख आणि रेतीने हाताच्या रेघा झिजल्यात. हेच हात उद्या बँकेत मशीनवर ठेवायचे आहेत. तेव्हा काय होणार, ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

तेरा वर्षांची एक मुलगी दाराशी उभी आहे. कडेवर भाऊ. शाळेत चौथीपर्यंत होती. स्थलांतर करणाऱ्या पोरांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते घेऊन जाल त्या गावच्या शाळेत बसता येतं. तिने ते पाहिलेलं नाही. मुलांची यादी बालकल्याण समितीकडे जाईल. आईबापांपासून एकालाही वेगळं करायचं नाही, हे मॅडमनी यादीच्या वरच लिहून ठेवलंय.

सकाळी ११.१५

लाल वही उघडली. पानाच्या डोक्यावर पुरुषाचं नाव, पुढे "जोडी". बायकोचं नाव सात पानांत कुठेच नाही.

सकाळी बोललेल्या बाईच्या नवऱ्याचं पान. पहिली ओळ: मागील बाकी ३८,०००. खाली खर्ची, दर आठवड्याला ६००. दवाखाना. खाडा. पावसाने गेलेल्या विटा. मोबाईलचं रिचार्ज. मग मजुरीपोटी मोघम वजावट. शेवटची ओळ: येणे ३४,५००.

थापलेल्या विटांचा आकडा कुठेच नाही.

मॅडम मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढतात. दर विचारतात. मुकादम सांगतो, हजाराला सातशे. रात्रीला किती? तो म्हणतो आठशे, मजूर म्हणतात हजारावर. खळ्यावरच्या रांगा मजुरांच्या बाजूने बोलतात. रात्रीला हजार, आठवड्याला सहा रात्री, पंधरा आठवडे. नव्वद हजार विटा. शेठच्याच दराने त्रेसष्ट हजार रुपये. त्यातून खर्चीचे नऊ हजार वजा. उरले चोपन्न हजार. दुसऱ्या शेठला दिलेले अडतीस हजार क्षणभर खरे धरले तरी सोळा हजार मजुराचेच निघतात.

वही म्हणते, मजूर साडेचौतीस हजार देणं लागतो.

इथे भाऊसाहेब खुर्ची पुढे ओढतात. त्यांनी फाईलमधून रॉयल्टीचं चलन आणलंय. चारशे ब्रास. "मॅडम, एवढ्या मातीत सहा लाखांच्या आसपास विटा होतात. थापायला या सात जोड्याच आहेत." ते आकडेमोड करून दाखवतात. सात गुणिले नव्वद हजार, सहा लाख तीस हजार. जुळतं.

मातीसाठी ठेवलेला हिशोब माणसांच्या बाजूने उभा राहिला. चलनाची प्रत फाईलला लागते.

दुपारी १२.४०

शेठ आले. गाडीतून उतरून सगळ्यांना नमस्कार. सोबत एक वकील.

"मॅडम, अडीनडीला मीच मदत केली. लग्नाला पैसे दिले. यांना विचारा, कधी हात उगारला का?"

"हात उगारल्याचं कुणीच म्हटलेलं नाही," मॅडम सांगतात. "दर आठवड्याची मजुरी दिल्याची पावती दाखवा."

पावती नाही. वेठबिगार कायदा १९७६ चा आहे, २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू. त्याच्या कलम १५ प्रमाणे हे वेठबिगारीचं कर्ज नव्हे, हे मालकाने सिद्ध करायचं. मजुराने नव्हे. कामगार अधिकाऱ्यांच्या फाईलमध्ये १९८२ च्या आशियाई स्पर्धेच्या बांधकाम मजुरांचा निकाल आहे. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं: किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम ही सक्तीचीच मजुरी. वकील वाचतात. शेठ वाचत नाहीत. ते खळ्यावरच्या अर्धवट सुकलेल्या विटांचं काय करायचं, हे विचारत राहतात.

दुपारी १.३०

वडापाव. साठ नग, पंधरा रुपयांप्रमाणे नऊशे. केळी दीडशेची. हेही पैसे पर्समधून. पोरांनी दोन-दोन खाल्ले. एका पोराने तिसरा खिशात ठेवला. त्याची आई रागावली, मॅडमनी तिला थांबवलं.

दुपारी २.२०

पोलीस ठाणे. इथे वेळ लागतो. ठाणे अंमलदाराला हा मजुरीच्या पैशांचा वाद वाटतो. दिवाणी मामला, कामगार न्यायालयात जा. मॅडम चढ्या आवाजात बोलत नाहीत. त्या सकाळच्या बाईच्या जबाबातलं पान काढतात. आमाला काय इचारायचं, टेम्पोत बसा म्हनले. पैशांचं आमिष, रात्रीची वाहतूक, एका मालकाकडून दुसऱ्याकडे पैसे घेऊन देणं, आणि मग सक्तीचं काम. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३, मानवी अपव्यापार. माणसं परदेशी नेली तरच अपव्यापार होतो असं नाही. मोखाडा ते ही भट्टी एवढं अंतर पुरतं.

वेठबिगार कायद्याची कलमं लागतात. मजूर आदिवासी, म्हणून अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(ज)सुद्धा. ते लागलं की तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. फोनाफोनी. वाट बघणं. बायका आवारातल्या झाडाखाली बसल्यात. एकीने पोराला पदराखाली घेतलंय.

वेठबिगार कायद्यातली शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड दोन हजारांपर्यंत. १९७६ मध्ये दोन हजार मोठे होते. आज ती एका जोडीची तीन रात्रींची मजुरी आहे, शेठच्याच दराने. म्हणून बाकीची कलमं लागणं महत्त्वाचं, आणि म्हणून मॅडम तीन तास तिथून हलत नाहीत.

५.२५ ला एफआयआरचा नंबर पडला.

संध्याकाळी ६.००

प्रांत कार्यालय. मुक्ततेचे दाखले तयार होतायत. टायपिस्ट बाई थांबल्यात, त्यांची शेवटची एसटी सहा चाळीसला आहे.

मसुद्यात सात दाखले आहेत. कुटुंबागणिक एक. मॅडम तो परत करतात. "चौदा हवेत."

प्रांतसाहेब कारण विचारतात. कारण साधं आहे. मजुरी दोघांनी केली. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख आहेत, स्त्रीला दोन लाख. अपव्यापाराच्या अतिगंभीर प्रकरणात तीन लाख. ती मोठी रक्कम खटल्याच्या वाटेने येते, वर्षं लागतात. तातडीची मदत तीस हजारांपर्यंत, ती निकालासाठी थांबत नाही. पण दाखल्यावर नाव नसेल तर बाईला यातलं काहीच नाही. मुकादमाच्या वहीत ती "जोडी" होती. सरकारी कागदावरही ती "कुटुंब" झाली, तर फरक काय पडला?

हा शेवटचा प्रश्न माझा आहे. मॅडम एवढंच म्हणाल्या, "सर, दोन लाखांचा प्रश्न आहे." साहेबांनी मान हलवली.

टायपिस्ट बाई पुन्हा बसल्या. नावं आधारप्रमाणे हवीत, एक वेलांटी चुकली तरी बँक परत पाठवते. ज्या बायकांकडे आधार नाही त्यांची नावं दोनदा विचारून घेतली. सहा चाळीसची एसटी गेली. संघटनेचा कार्यकर्ता त्यांना मोटारसायकलवर घरी सोडणार आहे.

चौदा दाखले, तीन-तीन प्रती, गोल शिक्का. झेरॉक्स दोन रुपये पान.

संध्याकाळी ७.४५

टेम्पो निघाला. पुढे जीप. तातडीची मदत आज हातात नाही. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात जाईल, जिल्ह्याच्या राखीव निधीतून मंजूर होईल. आज सोबत तांदूळ, डाळ, तेल, मीठ. ते मंडळ अधिकाऱ्यांनी एका दुकानदाराला सांगून मिळवलंय.

मॅडमना आता दुसरी काळजी आहे. मुक्तता ठाणे जिल्ह्यात झाली, पुनर्वसन पालघरमध्ये होणार. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हा एकच जिल्हा होता. आता फाईल एका कलेक्टर कचेरीतून दुसरीकडे जाईल. अशा प्रवासात फायली रेंगाळतात. घरी आठ-दहा महिने काम नसलं की पुन्हा मुकादम येतो, रोख घेऊन. त्याला प्रस्ताव लागत नाही. मॅडमनी मोखाड्याच्या तहसीलदारांना दुपारीच फोन केला. जॉबकार्ड, रेशन, बँक खातं: तिन्ही उद्याच.

कसारा, विहीगाव, खोडाळा. रस्त्याला वळणं. टेम्पोत पोरं एकमेकांवर झोपलीत.

रात्री १०.२०

पाडा. लोक जागे आहेत, बातमी आधीच पोहोचलीय. तिथले ग्रामसेवक मोबाईलचा टॉर्च धरून उभे. सामान उतरलं. मॅडम एकेकाला बोलावून दाखला देतात. बाईला बाईचा, नवऱ्याला नवऱ्याचा. "प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मूळ कागद कुणालाच द्यायचा नाही. झेरॉक्स द्यायची."

"आन इटांचे पैसे?" एक म्हातारा विचारतो.

"त्याचा दावा वेगळा. कामगार अधिकारी घालणार आहेत. किमान वेतनाने."

"किती दिस?"

"वेळ लागेल, काका. मी खोटं सांगत नाही."

उद्या अकरा वाजता सगळ्यांनी ग्रामपंचायतीत यायचं, रेशनकार्ड घेऊन. सकाळी जबाब दिलेली ती बाई पुढे येते. रेशनकार्ड तिच्याकडे नाही. आधीच्या शेठकडे राहिलंय, पहिल्या भट्टीवर.

मॅडम जीपच्या पायरीवर बसतात. "ती भट्टी कुठे?"

बाई गावाचं नाव सांगते. भाऊसाहेब जीपमधून डोकं बाहेर काढतात.

"तिथे अजून कोण आहे?"

"माजी जाऊ. ज्या लग्नाचे पैसे हुते, तीच. ती आन तिचा नवरा. एक पोरगी हाय, पाळण्यातली."

पिशवीत कोरे कागद अजून आहेत. मॅडम एक काढतात, गुडघ्यावर धरतात.

"नाव सांग. जावेचं आधी. मग पोरीचं."